जन्मतारीख नको, तेलाचा हिशेब मागा!

२००९ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेमध्ये एक विलक्षण देहदंड अमलात आणला गेला. तो माणसांना नव्हता, मोटारींच्या एंजिनांना होता. चालत्या एंजिनातले वंगण काढून टाकावयाचे, त्याच्या जागी सोडियम सिलिकेटचा द्रव ओतावयाचा आणि आतले भाग एकमेकांत जखडून ते कायमचे निश्चेष्ट होईपर्यंत एंजिन चालवीत ठेवावयाचे, अशी या शिक्षेची सरकारमान्य रीत होती. जुनी गाडी सरकारच्या स्वाधीन करणाऱ्यास नवी गाडी घेण्यासाठी ३,५०० किंवा ४,५०० डॉलरचे साहाय्य मिळे. तीनशे कोटी डॉलरची तरतूद या कामी झाली आणि अवघ्या काही आठवड्यांत सुमारे पावणेसात लक्ष गाड्या अशा रीतीने मोडीत निघाल्या. मंदीने ग्रासलेल्या मोटारधंद्यास टेकू द्यावा आणि देशाचे तेल वाचवावे, असे दोन हेतू या योजनेमागे होते. हेतूंबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती न्यायदानाच्या पद्धतीबद्दल.

साध्या मोटारीच्या बाबतीत कायद्याने निदान आरोप तरी नीट वाचून दाखविला होता. गॅलनमागे १८ मैल किंवा त्याहून कमी धावणारी गाडीच या योजनेस पात्र होती. म्हणजे गाडी किती तेल पिते हे पाहूनच तिचा निवाडा होत होता. परंतु साडेआठ हजार ते दहा हजार पौंड एकूण भारक्षमतेचे जे भारी पिकअप ट्रक, त्यांच्या बाबतीत मात्र ही कसोटीच गळून पडली. त्यांच्यासाठी अट एकच होती: मॉडेल २००१ सालचे किंवा त्यापूर्वीचे असावे. किती मैल धावतो, किती गॅलन पितो, हे कोणी विचारले नाही. कारण विचारले असते तर उत्तर देणारा अधिकृत आकडाच अस्तित्वात नव्हता. सरकारने या गाड्यांचा इंधनखर्च कधी मोजून जाहीर केलाच नव्हता. जे सर्वांत अधिक तेल पितात, त्यांच्याच पेल्यास माप नव्हते! जुन्या गाडीचा धूर अधिक घाण असतो म्हणून वयाची अट घातली, असे समर्थन करता येईल, आणि त्यात तथ्यही आहे. परंतु तेल वाचविण्याच्या नावाने निघालेल्या योजनेत तेलाची चौकशी न करता केवळ जन्मतारीख पाहून निकाल द्यावा लागणे, ही त्या देशाच्या पन्नास वर्षांच्या इंधननीतीवरील सर्वांत बोलकी टीका होय.

ही स्थिती अपघाताने ओढवलेली नाही. १९७३ सालच्या तेलटंचाईने हादरलेल्या अमेरिकेने १९७५ मध्ये मोटारींच्या इंधनखर्चावर बंधन घालणारा कायदा केला. पुढे हलक्या ट्रकांसही तो लागू झाला. मात्र साडेआठ हजार पौंडांच्या वर जी गाडी जाईल ती या बंधनातून सुटावी, अशी रेघ ओढली गेली. शेतकरी, सुतार, बांधकामवाला यांच्या कामाच्या गाड्यांस त्रास होऊ नये, हा त्यामागचा विचार वरकरणी योग्यच होता. परंतु कायद्याने वजनाची रेघ ओढली की कारखानदार त्या रेघेपलीकडे उडी मारावयास शिकतो. याचा दाखला त्याच वर्षी मिळाला. सहा हजार पौंडांखालील गाड्यांना धूर शुद्ध करणारे उपकरण बसविणे भाग पडणार असे दिसताच फोर्ड कंपनीने १९७५ मध्ये एफ-१५० नावाचा ट्रक बाजारात आणला. तो त्या मर्यादेच्या किंचित वर बसेल, अशा बेताने त्याची भारक्षमता ठरविण्यात आली होती. पुढे अमेरिकेतील सर्वाधिक खपाच्या वाहनांत ज्याची गणना झाली, त्याचा जन्म असा एका पळवाटेत झाला. जी गोष्ट धुराची, तीच तेलाची आणि तीच प्राप्तिकराची. सहा हजार पौंडांवरील वाहन धंद्यासाठी घेतल्यास मोठी वजावट देणारा नियम इतका सैल झाला की, २००४ मध्ये प्रवासी स्वरूपाच्या मोठ्या गाड्यांवर पंचवीस हजार डॉलरची मर्यादा घालावी लागली. लांब हौद्याचे पिकअप ट्रक मात्र तेव्हाही मोकळेच राहिले. वजन वाढविणे हा अशा रीतीने त्या देशात शिक्षेस पात्र अपराध न राहता बक्षिसास पात्र गुण ठरला.

आता या जुन्या भारी ट्रकाच्या पोटात डोकावून पाहू. तेथे पाऊण टनी आणि एक टनी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या गाड्यांचे मालक आपसांत जे आकडे सांगतात ते साधारणतः असे असतात: गॅसोलीनवर चालणारा जुना ट्रक गॅलनमागे दहा-बारा मैल, तर डिझेलवरचा पंधरा किंवा त्याहून थोडा पुढे. आपल्या भाषेत सांगावयाचे तर दहा मैल म्हणजे लिटरला सव्वाचार किलोमीटर. ही भूक इतकी मोठी का? एक तर गाडीचा लोखंडी सांगाडाच असा जड की, ती रिकामी धावली तरी भरल्यासारखी धावते. दुसरे असे की, तिचा दर्शनी भाग भिंतीसारखा उभा असल्यामुळे वाऱ्यास कापीत न जाता ती त्यास ढकलीत जाते. तिसरे म्हणजे, जुन्या अनेक ट्रकांच्या स्वयंचलित गिअरपेटीत तीनच गिअर होते. वेग वाढला तरी एंजिनास निवांत फिरू देणारा वरचा गिअर नव्हता. ओझे ओढण्यासाठी मागच्या आसाचे दातेही असे बसविलेले की, चाकाच्या एका फेऱ्यामागे एंजिनास चारांहून अधिक फेरे घ्यावे लागत. आणि चौथे कारण सर्वांत महत्त्वाचे. गॅसोलीनचे मोठे एंजिन हलक्या कामावर लावले की त्यास गळा आवळून श्वास घ्यावा लागतो. हवेची झडप बहुतांशी मिटलेली असते आणि त्या ओढाताणीतच बरीचशी शक्ती खर्ची पडते. डिझेल एंजिनास ही झडप आवळावी लागत नाही, त्यातील दाब अधिक असतो आणि खुद्द डिझेलच्या एका लिटरमध्ये गॅसोलीनपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक उष्णता साठविलेली असते. जुन्या डिझेल ट्रकाच्या नावलौकिकाचे रहस्य यात आहे. त्यात जादू काहीच नाही.

याचा अर्थ असा की, पाच माणसांपैकी एकास बाजारात नेण्यासाठी असा ट्रक बाहेर काढणे ही उधळपट्टी आहे. पण दोन टन चाऱ्याच्या गासड्या नेण्यासाठी तो बाहेर काढणे ही उधळपट्टी नव्हे. ओझे लादल्यावर मैलामागे तेल अधिक लागते हे खरे. परंतु प्रत्येक टनामागचा खर्च झपाट्याने उतरतो. बैलास रिकामे फिरविले तरी तो वैरण खातोच. नांगरास जुंपला तर त्या वैरणीचे चीज होते. तेव्हा कामाच्या गाडीची खरी परीक्षा नुसत्या मैलांनी होणार नाही. किती ओझे, किती अंतर आणि किती तेल, या तिन्ही गोष्टी एकत्र मांडल्या तरच ती होईल.

वेगाचा मुद्दाही असाच आहे. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५५ मैलांवरून ७५ मैलांवर गेले की तेच अंतर तोडताना वाऱ्याशी झगडण्याचा खर्च जवळजवळ ८६ टक्क्यांनी वाढतो. अध्यक्ष निक्सन यांनी जानेवारी १९७४ मध्ये साऱ्या देशावर ५५ मैलांची वेगमर्यादा घातली, ती याच कारणाने. ती लोकांस आवडली नाही आणि १९९५ मध्ये रद्द झाली. कायदा रद्द करता येतो. वाऱ्याचा नियम रद्द करता येत नाही. तो उंच व सपाट तोंडाच्या जुन्या ट्रकाकडून आपला कर आजही चोख वसूल करतो.

परंतु आमच्या मते या प्रश्नातला सर्वांत मोठा घोटाळा एंजिनात नसून अंकगणितात आहे. गॅलनमागे किती मैल, हे मापच मनुष्यास फसविते. एका मालकाने गॅलनला दहा मैल धावणारा ट्रक देऊन बारा मैलांचा घेतला आणि दुसऱ्याने तीस मैलांची मोटार देऊन चाळीस मैलांची घेतली, तर अधिक तेल कोणी वाचविले? शंभरांतले नव्वद लोक दुसऱ्याचे नाव घेतील. आता हिशेब करा. वर्षाला दहा हजार मैल चालल्यास पहिल्याचा खर्च हजार गॅलनांवरून ८३३ वर येतो, म्हणजे १६७ गॅलन वाचतात. दुसऱ्याचा खर्च ३३३ वरून २५० वर येतो, म्हणजे केवळ ८३ गॅलन वाचतात. ज्याची सुधारणा किरकोळ वाटली, त्याने दुप्पट तेल वाचविले! रिचर्ड लॅरिक आणि जॅक सॉल या दोन संशोधकांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हा भ्रम उघड करून दाखविला, आणि २०१३ च्या मॉडेलांपासून अमेरिकेतील मोटारींच्या खिडकीवरील पत्रकात शंभर मैलांस किती गॅलन लागतात हेही छापले जाऊ लागले. दुर्दैव असे की, ज्या भारी ट्रकांत थोड्या सुधारणेने सर्वांत अधिक तेल वाचू शकते, त्यांच्या खिडकीवर हे पत्रकच नसते. २००७ मध्ये कायदा होऊन २०१४ च्या मॉडेलांपासून त्यांच्या कारखानदारांवर काही मर्यादा आल्या. पण खरेदीदाराच्या हाती आकडा पडला नाही तो नाहीच. आणि २०२५ मध्ये तर साध्या मोटारींच्या बाबतीतही मर्यादा मोडणाऱ्या कंपन्यांचा दंड शून्यावर आणून अमेरिकन काँग्रेसने आपलाच कायदा दंतहीन करून टाकला.

ज्यास सरकार आकडा देत नाही, त्याने तो स्वतः काढावा हे उत्तम. आणि तेथील अनेक ट्रकमालक ते मनोभावे करतात. टाकी काठोकाठ भरावी, मैलांचा आकडा टिपावा, पुन्हा भरताना किती गॅलन बसले ते लिहावे. असे चार-सहा वेळा केले म्हणजे सत्य बाहेर येते. एका वेळच्या आकड्यावर मात्र विश्वास ठेवू नये. चाके मूळच्यापेक्षा मोठी बसविली असतील तर मैलमापकही खोटे बोलतो. ३१ इंची टायरांच्या जागी ३३ इंची चढविले की प्रत्येक फेऱ्यात गाडी सहा टक्के अधिक पुढे जाते, पण मापक ते नोंदवीत नाही. मालक उगाच ट्रकास दूषणे देत बसतो. देखभालीचा वाटाही लहान नाही. कार्ब्युरेटरच्या जुन्या एंजिनात हवेची तुंबलेली गाळणी बदलल्यास २ ते ६ टक्के तेल वाचते, असे अमेरिकन सरकारचीच इंधनविषयक माहिती सांगते. इंजेक्शन पद्धतीच्या नव्या एंजिनात तसा फरक पडत नाही. उलट ऑक्सिजन सेन्सर बिघडलेला असेल, तर तो दुरुस्त केल्याने इंधनाची सरासरी ४० टक्क्यांपर्यंतही सुधारू शकते. सोडियम सिलिकेटचा द्रव ओतण्यापूर्वी या ट्रकांपैकी किती ट्रक एका गाळणीने किंवा एका सेन्सरने सुधारले असते, हा प्रश्न कोणी विचारला होता काय?

आणि समजा, सुधारले नसते. तरी मोडीत काढणे हाच न्याय होता काय? येथे वय आणि वापर यांतला भेद लक्षात घ्यावा लागतो. गॅलनला दहा मैल धावणारा एक जुना ट्रक शेतावर उभा आहे. सुगीत, लाकूडफाट्यास आणि गुरे नेण्यास मिळून तो वर्षाला तीन हजार मैल चालतो. त्याचा खर्च ३०० गॅलन. शेजारच्या गावी एक कोरा, गॅलनला सोळा मैल देणारा ट्रक रोज एकट्या मालकास कचेरीत नेऊन आणतो आणि वर्षाला वीस हजार मैल धावतो. त्याचा खर्च १,२५० गॅलन. कायद्याच्या दृष्टीने अपराधी कोण? जुना! तेलाच्या दृष्टीने अपराधी कोण? नवा! शेतकऱ्याने जुना देऊन नवा घेतला तर त्याचे वर्षाला सुमारे ११२ गॅलन वाचतील. गॅलनला साडेतीन डॉलर धरले तरी ही बचत चारशे डॉलरही होत नाही. नव्या भारी ट्रकाची किंमत तर हजारांच्या अनेक दशकांत आहे. ती बचतीतून फेडावयास त्यास एक जन्म पुरणार नाही, आणि नव्या ट्रकाचे लोखंड वितळविण्यास जे इंधन जळाले ते वेगळेच. याउलट, दहा मैलांचाच ट्रक जो वीस हजार मैल पिटाळतो, त्याने तो बदलल्यास वर्षाला ७५० गॅलन वाचतील. सरकारी साहाय्याचा खरा हक्कदार तो. पण २००९ च्या योजनेने मैल आणि गॅलन यांचा असा गुणाकार केलाच नाही. मोटारधंद्याच्या बाजूने पाहिले तरी फळ फार काळ टिकले नाही. आतिफ मियाँ आणि अमीर सूफी या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, योजनेमुळे वाढलेली बहुतेक विक्री ही पुढील काही महिन्यांतल्या विक्रीतून आधीच उचललेली उचल होती.

वाचक विचारतील की, टेक्सासमधल्या ट्रकाच्या पोटाची चिंता येथील माणसाने का वाहावी? जगातल्या तेलापैकी सुमारे एक पंचमांश एकटी अमेरिका जाळते, आणि आपण आपल्या कच्च्या तेलापैकी चार पंचमांशांहून अधिक परदेशांतून विकत आणतो, हे एक उत्तर झाले. तेथील उधळपट्टीची झळ बाजारभावाच्या वाटेने आपल्या पंपापर्यंत येते. पण त्याहून जवळचे उत्तर असे की, तीच चूक आपल्याही उंबरठ्यावर उभी आहे. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश झाले, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले, आणि जुलै २०२५ मध्ये तर अशा गाड्यांना पंपावर तेलच द्यावयाचे नाही असे ठरवून काही दिवसांतच तो बेत आवरता घ्यावा लागला. त्या आदेशांचा हेतू हवेच्या शुद्धीचा होता, तेलबचतीचा नव्हता, हे आम्ही जाणतो. दिल्लीतल्या बालकाच्या फुप्फुसांपेक्षा कोणाची जुनी गाडी मोलाची नाही, हेही आम्हांस मान्य आहे. परंतु धूर मोजावयाचा तर नळीच्या तोंडाशी मोजावा, तेल मोजावयाचे तर टाकीच्या तोंडाशी मोजावे. दोन्ही मोजण्याचे श्रम चुकविण्यासाठी नोंदणीपुस्तकातली तारीख पाहणे हा शासनाचा आळस आहे, न्याय नव्हे. २०२१ च्या मोडीत काढण्याच्या धोरणाने यंत्रावर गाडीची तपासणी करण्याचा मार्ग तत्त्वतः स्वीकारला, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट होय. त्या तपासणीत इंधनाचा हिशेबही यावा, अशी आमची सूचना आहे.

दुसरी चूकही आपण उसनी घेतलीच आहे. प्रवासी मोटारींच्या इंधनखर्चावर एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे मर्यादा आली. परंतु नारायणगावचा टोमॅटो आणि नाशिककडची भाजी रात्रभर धावून वाशीच्या बाजारात आणणारा पिकअप त्या नियमांत बसत नव्हता. मोटारीत बसणाऱ्या मध्यमवर्गीयास आकडा कळावा आणि ज्याचे पोट गाडीच्या तेलावर चालते त्याने मात्र “ॲव्हरेज किती देते?” असे दहा जणांना विचारीत फिरावे, हा कोठला समतोल? आणि तो ॲव्हरेजही लिटरला किती किलोमीटर याच फसव्या मापात! आठाचा दहा झाला तर दहा हजार किलोमीटरांत २५० लिटर वाचतात, सोळाचा वीस झाला तर केवळ १२५. जुन्या, भारी, अधिक पिणाऱ्या गाडीत दोन किलोमीटरांची सुधारणा ही हलक्या मोटारीतल्या चार किलोमीटरांच्या सुधारणेहून दुप्पट मोलाची आहे, हे साधे गणित ना विक्रेता सांगतो ना सरकार.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. वाहन कितीही भारी असो, त्याचा इंधनखर्च रिकाम्या आणि भरल्या अशा दोन्ही स्थितींत मोजून, शंभर किलोमीटरांस किती लिटर या सरळ मापात ग्राहकास छापून मिळाला पाहिजे. जुने वाहन बदलण्यासाठी सार्वजनिक पैसा द्यावयाचा असेल, तर तो वयाकडे पाहून न देता वर्षभरात जाळलेल्या तेलाकडे पाहून द्यावा. आणि जे वाहन थोडे चालते, नेटके ठेवलेले आहे, ज्याचा धूर तपासणीत उतरतो आणि ज्याच्या पाठीवर खरोखरीचे ओझे असते, त्यास केवळ ते म्हातारे झाले म्हणून फासावर देऊ नये.

म्हाताऱ्या बैलास खाटकाकडे धाडण्यापूर्वी शेतकरीदेखील तो किती खातो आणि किती ओढतो हे पाहतो. सुशिक्षित सरकारांनी निदान तेवढा विवेक दाखवावयास काय हरकत आहे?